फुकटची खुर्ची आणि ग्राहकाचा हक्क

तालुक्याच्या शिबिरात व्हीलचेअर वाटप होते. पुढाऱ्यांना हार पडतात, पेपरात फोटो येतो. महिन्याभरात चाक निखळले की अपंग बांधवाने दाद कुणाकडे मागायची? ‘फुकट मिळाली ना, मग तक्रार कसली?’ हे उत्तर ठरलेले. केंद्राच्या ॲडिप योजनेतली खुर्ची कुणाचे दान नव्हे, ती जनतेच्या करातून आली आहे.

पैसे मोजणाराच ग्राहक, हे अर्धसत्य आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहक असतो. खुर्ची शासनाच्या पैशाने घेतली, बसणारा आपला माणूस. हा मुद्दा जिल्हा आयोगात लढवलाच पाहिजे. समोरचे वकील विरोध करतील, करू द्या.

पदरमोड करून खुर्ची घेणाऱ्याचा तर हक्क सरळ आहे. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. मुदत 2 वर्षे. तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सने मागता येते. म्हणजे आयोगाच्या पायऱ्या चढायला नकोत, निदान कागदावर तरी. वस्तीवस्तीतल्या कार्यकर्त्यांनी बिल, वॉरंटी कार्ड, शिबिराची पावती जपायला सांगावे आणि अर्ज लिहून द्यावेत.