आमची भाकर

ख्रिस्ती मुलांस गरज आणि हौस यांतील भेद शिकवावा, हे आम्हांस मान्य आहे. मात्र शिकविण्याची रूढ रीत आम्हांस मुळीच मान्य नाही. भाकर ही गरज, खेळणे ही हौस. गरज देव भागवितो, हौस आपण सोडावी, एवढे घोकविले की धडा संपला!

नंदुरबार जिल्ह्यातील कित्येक आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. पुष्कळ मुलेही बरोबर जातात. शाळा मागे राहते. नवापूरकडच्या मंडळ्यांत असे मूल समोर बसले असता त्यास संतोषाचा उपदेश कोणत्या तोंडाने करावा? त्याची वही, त्याचे दूध, त्याचे औषध यांस हौस ठरविणे हा धर्म नव्हे. ती धर्माच्या नावाने केलेली कृपणता होय.

शास्त्र काय सांगते? रानात मान्ना माणशी एक ओमर ठरला होता, आणि उद्यासाठी राखलेल्यात किडे पडले. प्रभूच्या प्रार्थनेत भाकर 'माझी' म्हणून मागितलेली नाही, 'आमची' म्हणून मागितली आहे. तेव्हा शेजाऱ्याच्या रिकाम्या ताटाकडे पाहिल्यावाचून हा भेद कळावयाचा नाही. पंडिता रमाबाईंस तो कळला होता. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातील उपाशी मुलींस आणून आसरा दिला.

वडिलांनी लग्नाच्या मांडवासाठी कर्ज काढावे आणि संयम मात्र पोराने शिकावा, हा कोठला न्याय? हा धडा आधी मोठ्यांनी गिरवावा; मुले पाहून शिकतील.