रशियाला आधी पोवाडा गेला, मग शाहीर

दरवर्षी १ ऑगस्टला बिलोली तालुक्यात गावोगावी अण्णा भाऊ साठे यांच्या प्रतिमेची मिरवणूक निघते आणि त्याच दिवशी मोबाईलवर एक वाक्य फिरू लागते: अण्णा भाऊंनी शिवरायांचा पोवाडा रशियात गाऊन महाराजांची कीर्ती जगाला सांगितली. वाक्य अभिमानाचे आहे. परंतु त्यात सहसा शहर नसते, सभागृह नसते, तारीख नसते. इतिहासाची गोडी असणाऱ्याने नेमके तेथेच थांबावयास हवे.

कारण जी हकीकत भक्कम आहे, ती याहून विलक्षण आहे.

२ फेब्रुवारी १९४३ रोजी स्टालिनग्राडची लढाई संपली. तेव्हा बिलोलीवर निजामाचा अंमल होता. इकडे मुंबईच्या कामगार वस्तीत, शाळेचे तोंड जवळजवळ न पाहिलेल्या वाटेगावच्या एका तरुणाने त्या लढाईवर पोवाडा रचला. पोवाडा म्हणजे आपल्याच मुलखातील वीरांचे गाणे, ही सवय त्याने मोडली; व्होल्गेकाठचा अनोळखी शिपाई डफ-तुणतुण्याच्या साथीने कामगारांपुढे उभा केला. पुढे या रचनेचा रशियन अनुवाद झाला. शाहीर स्वतः सोव्हिएत भूमीवर उतरला तो १९६१ मध्ये, म्हणजे सुमारे अठरा वर्षांनी. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या शहराचे नाव व्होल्गोग्राड झाले!

आता मूळ प्रश्न. अण्णा भाऊंना रशियाची ओढ का होती? ते कम्युनिस्ट होते म्हणून. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी उभारलेल्या कलापथकाचे नावच ‘लाल बावटा’ होते. मोबाईलवरचे ते वाक्य हा बावटा अलगद गुंडाळून ठेवते. शाहीर हवा, त्याचा विचार नको, अशी ही सोय आहे. आणि ती त्यांच्यावर अन्याय करणारी आहे. त्यांचे विचार पटोत वा न पटोत, ते झाकून त्यांचा परदेश प्रवास समजणार नाही.

आणखी एक गोष्ट. पोवाडा एकट्याचा नसतो. झीलकरी सूर उचलतात, श्रोता जागच्या जागी दाद देतो. शाहिराचे निम्मे बळ त्यात असते. भाषाच परकी असलेल्या मुलखात हे बळ कोठून यावे? अण्णा भाऊंनी त्या प्रवासाची साक्ष ठेवली ती गद्यात. ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक दलित लेखकाचे पहिले मराठी प्रवासवर्णन म्हणून ओळखले जाते. मिरवणुकीत त्यांच्या कादंबऱ्यांची नावे ऐकू येतात, ‘फकिरा’चे तर हमखास, हे लहानसे पुस्तक मात्र मागे पडते.

१४ सप्टेंबर २०२२ रोजी मॉस्कोत अण्णा भाऊंच्या पुतळ्याचे अनावरण झाले. तो चौकात नाही. परकीय साहित्याच्या सरकारी ग्रंथालयात, पुस्तकांच्या सहवासात आहे.