निदानाचे पैसे द्या

पप्पांनी गाडी घेतली तेव्हा घरात दोनच माणसं खूश होती, पप्पा आणि दादा. मम्मी म्हणाली, "एवढी जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं." मी गप्प बसले. लाल रंगाची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस कॅम्पातल्या आमच्या घरासमोर उभी राहिली तेव्हा मलाही जरा भारी वाटलं होतं.

गाडी २००५ ची, पुण्याहून आणलेली. पंधरा वर्षं संपून नोंदणीचं नूतनीकरण झालेली, आणि मीटरवर १,६८,००० किलोमीटर. ऑक्टाव्हिया म्हणजे तशी घरगुती सेडानच, पण आरएस हा तिचा पळणारा अवतार. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, दीडशे हॉर्सपॉवर. २००४ मध्ये ती भारतात आली तेव्हा आपल्याकडे सामान्य माणसाने स्वप्नात बघावी अशी गाडी होती. पप्पांनी कुवेतमध्ये अठरा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. आपली एक असावी, आणि ती अशी असावी, हे त्यांचं म्हणणं मला कळत होतं.

३ डिसेंबरला सायबाच्या फेस्ताला आम्ही सगळे जुन्या गोव्याला गेलो. जाताना उतार, गाडी मजेत. परतताना चोर्ला घाट चढायला लागलो आणि गाडीचा जीवच गेला. पप्पा अ‍ॅक्सिलरेटर दाबताहेत, इंजिन ओरडतंय, पण गाडी पुढे जायला तयार नाही. मागून काळा धूर. कणकुंबीला थांबलो तर उभ्या गाडीचं इंजिन थरथरत होतं आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलेला. मम्मीने रोझरी काढली. कुणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. नाव लिहीत नाही, कारण मुद्दा त्या एका दुकानाचा नाही. तिथल्या मुलाने स्कॅनर लावला, एक चक्कर मारली आणि दहा मिनिटांत सांगितलं, "टर्बो गेलाय. नवीन बसवायचा, मजुरी धरून ८५ हजार." बॉनेट नीट उघडलंसुद्धा नव्हतं. पप्पा संध्याकाळी कपाटातून पासबुक काढून बसले. त्या खात्यात माझ्या एम. ए.च्या प्रवेशाचे पैसे होते. ते म्हणाले, "एक वर्ष थांबलीस तर चालेल काय गो?" मी "चालेल" म्हणाले. खोटं बोलले.

हा लेख त्या "चालेल"मुळे लिहितेय. माझं म्हणणं एका वाक्यात असं आहे: आपण पार्टचे पैसे देतो, मजुरीचेही कुरकुरत देतो, पण कुणी डोकं लावून बिघाड शोधला तर त्याचे पैसे द्यायची आपली तयारी नसते. म्हणून आपल्याला बिघाड शोधणारी माणसं कमी आणि पार्ट बदलणारी जास्त भेटतात.

पुढे काय झालं ते सांगते. दादाच्या हट्टामुळे आम्ही एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना मामा म्हणतात. पप्पांनी सांगितलं, "टर्बो गेलाय." मामा म्हणाले, "टर्बोनं स्वतः सांगितलं काय?" मग त्यांनी अर्धा तास फक्त प्रश्न विचारले. कधीपासून? इंजिन थंड असताना की तापल्यावर? सपाट रस्त्याला की चढाला? धूर उभ्या गाडीत की जोर दिल्यावर? मी पुढच्या सीटवर होते म्हणून मला विचारलं, "आवाज कसा होता?" मी म्हणाले, "आवाज येत होता." ते हसले. "आवाज सगळ्याच गाड्यांना येतो पोरी. शिट्टी होती, खडखड होती, की फुस्स?"

फुस्स. जोर दिला की फुस्स, पाय काढला की गप्प. हे मला तेव्हाही ऐकू आलं होतं. फक्त ते सांगण्यासारखं काही आहे असं वाटलं नव्हतं.

मामांनी स्कॅनर लावला तेव्हा वर्कशॉपमध्ये दिसलेला तोच कोड आला: पी ०१७१. त्याचा अर्थ मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. पण आमच्या गाडीतून येत होता काळा धूर, आणि काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. दोन साक्षीदार एकमेकांच्या विरुद्ध बोलत होते. वर्कशॉपने दोघांकडेही दुर्लक्ष करून तिसऱ्यालाच फाशी सुनावली होती. मामा म्हणाले, "दोघंपण खरं बोलतायत. कसं ते बघ."

त्यांनी सांगितलेलं मला समजलं तसं सांगते. इंजिन जेवढी हवा आत घेतं ती तोंडाशी बसलेला एक सेन्सर मोजतो, आणि कॉम्प्युटर त्या हिशेबाने पेट्रोल सोडतो. मोजलेली हवा आणि आत पोचलेली हवा एकच असली पाहिजे. आता मधल्या एखाद्या रबरी नळीला चीर गेली असं समजा. गाडी उभी असताना इन्टेक मॅनिफोल्डमध्ये ओढ असते, तेव्हा त्या चिरेतून न मोजलेली हवा आत शिरते. मिश्रण पातळ होतं, इंजिन थरथरतं, कोड पडतो. चढाला टर्बो जोरात फिरून तिथेच दाब तयार करतो, तेव्हा मोजलेली हवा त्याच चिरेतून बाहेर पळते. पेट्रोल मात्र पूर्ण हिशेबाने पडलेलं असतं. म्हणून काळा धूर, म्हणून ताकद नाही, म्हणून फुस्स. एकच चीर, आणि दोन वेळी दोन उलट लक्षणं.

मग त्यांनी इन्टेकच्या तोंडाला बूच लावून आत बेताचा हवेचा दाब सोडला आणि नळ्यांवर साबणाचं पाणी शिंपडलं. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर काढतात तसं. मॅनिफोल्डच्या खाली, वरून अजिबात दिसत नाही अशा जागी, तेलाच्या वाफेने लिबलिबीत झालेल्या एका नळीवर बुडबुडे आले. डायव्हर्टर व्हॉल्व्ह नावाची एक बारकी वस्तू असते, तिच्यातला रबरी पडदाही फाटलेला निघाला. टर्बोची दांडी त्यांनी हाताने हलवून दाखवली. आडवी किंचित हलते, तेवढी चालते, कारण ती तेलाच्या थरावर तरंगत असते. आत-बाहेर हलायला नको आणि पाती कडेला घासलेली नकोत. दोन्ही ठीक होतं. दोन पार्ट मिळून २,६०० रुपये, मजुरी १,५००.

आणि बिघाड शोधायचे ५००.

इथे माझे पप्पा, जे काल ८५ हजार द्यायला निघाले होते, म्हणाले, "नुसतं बघायचे पाचशे?"

मला पप्पांची लाज वाटली असं मी लिहिणार नाही. ते एकटे नाहीत, आपण सगळे असेच आहोत. डॉक्टरांची फी आपण वेगळी देतो आणि औषधाचे पैसे वेगळे. डॉक्टरांनी "काही झालेलं नाही, घरी जा" म्हटलं तरी फी देतो आणि वर आनंदाने घरी येतो. मिस्त्रीने मात्र दोन तास घालवून "टर्बो चांगला आहे" म्हटलं की आपण विचारतो, मग काम काय केलंस? बिलात एखादी वस्तू दिसली पाहिजे. मग तो वस्तूच विकायला लागतो, यात आश्चर्य काय? पार्टवर त्याला कमिशन मिळतं, विचार करण्यावर शिव्या. त्या वर्कशॉपमधल्या मुलाकडे संध्याकाळपर्यंत आठ गाड्या असतील आणि प्रत्येक मालकाचे चार फोन. तो दहा मिनिटांत निकाल देणार नाही तर काय करणार? त्याची चूक आहेच, पण ती आपण पोसलेली आहे.

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. निदानाचे पैसे घेऊन कुणी काहीच केलं नाही तर? तसं होऊ शकतं. म्हणून मी तीन प्रश्न विचारायला शिकले आहे. हाच पार्ट गेलाय हे कोणत्या टेस्टवरून कळलं? काढलेला जुना पार्ट दाखवाल का? आणि हा बदलूनही दुखणं राहिलं तर पुढे काय? ज्याने खरंच शोधलंय त्याला या प्रश्नांचा राग येत नाही. मामांना तर आनंद झाला.

दुसरा आक्षेप मम्मीचा: मुळात एवढी जुनी गाडी घ्यावीच कशाला? याला माझ्याकडे ठाम उत्तर नाही. पण घेतलीच, तर कुठून सुरुवात करायची ते मात्र आता सांगू शकते. आपल्या मंडळातले दोघंतिघं ओएलएक्सवर पोलो जीटी नि सिव्हिक बघत असतात हे मला माहीत आहे, त्यांच्यासाठी.

आधी पळण्याचा विचार सोडा, थांबण्याचा करा. ब्रेक, सस्पेन्शनचे बुश, टायर. टायरच्या कडेला चार आकडे असतात. १४१५ म्हणजे २०१५ सालातल्या चौदाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी कितीही खोल असली तरी तेवढं जुनं रबर घाटात भरवशाचं नाही. मग टायमिंग बेल्ट. तो बदलल्याचा कागद नसेल तर बदललेला नाही असंच धरायचं, आणि वॉटर पंपही त्याच वेळी बदलून घ्यायचा. या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनाचाच निकाल लागतो. सगळ्यात घातक दुखणं आधी आवाज करेलच असं नाही, हे लक्षात ठेवा.

मग ऑइल. झाकण उघडून आत बघणं म्हणजे गाडीचं कुमसार. आत काळा चिकट गाळ दिसला तर मागच्या मालकाची सगळी पापं कळतात. ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला तर "घरापर्यंत जाऊ" म्हणायचं नाही, तिथेच बंद करायची. कूलंट कमी होत असेल तर ते कुठे जातंय ते शोधायचं, नुसतं भरत राहायचं नाही. धुराचा रंग बघायचा: निळा म्हणजे ऑइल जळतंय, तापल्यावरही पांढरा येत राहिला तर कूलंट आत जातंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त. मीटरवर आंधळा विश्वास नको. ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगची झीज आणि ड्रायव्हरच्या सीटची कड बघितली की आकडा खरा वाटतो की नाही ते कळतं.

गाडी मिसिंग करत असेल तर लगेच चार नवे कॉइल घेऊ नका. दुसऱ्या सिलिंडरचं कॉइल तिसऱ्यावर लावा. मिसिंग तिसऱ्यावर गेलं तर कॉइल दोषी, नाही गेलं तर प्लगची अशीच अदलाबदल करा. खर्च शून्य. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा मामांचा नियम. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी बरी झाली, तर कशाने बरी झाली ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या वेळी परत तिन्हीचे पैसे जातात.

आणि गॅरेजला जाताना तोंडात शब्द घेऊन जा. आपल्या मंडळात पावसाच्या आवाजावर कविता येतात तेव्हा रिपरिप, रिमझिम, धो धो, सगळं येतं. त्याच भाषेत घरघर, खडखड, टकटक, किरकिर, करकर, फुस्सही आहे. गॅरेजमध्ये मात्र आपण म्हणतो, "प्रॉब्लेम आहे." आमच्या घरात कोंकणी, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्रजी, मामांच्या गॅरेजात यात भर म्हणून कन्नड आणि उर्दूही. पण माझ्या एम. ए.चे पैसे वाचले ते एका साध्या "फुस्स"ने. तो शब्द मी पहिल्याच दिवशी वर्कशॉपमध्ये बोलले असते तर काही फरक पडला असता का? बहुतेक नाही. तिथे कुणी विचारलंच नव्हतं. पण मीही सांगितलं नव्हतं.

गाडी आता चोर्ला चढते. सगळं बरं झालंय असं नाही. मागची डावी काच खाली जात नाही आणि सकाळच्या थंडीत दुसरा गिअर टाकताना करकर होते. करकर, खरखर नव्हे. फक्त थंडीत, फक्त दुसऱ्यात. मी वहीत लिहून ठेवलंय. शनिवारी मामांकडे जायचं आहे. पप्पांनी घासाघीस करून त्या पाचशेतले तीनशेच दिले होते. जाताना आधी ते दोनशे द्यायचे आहेत.