शिपायाला वकील हवा, कवच नको

पोलीस शिपायाला संघटना करण्याचा, वर्गणी भरून तिचा सभासद होण्याचा आणि अडचणीच्या वेळी तिच्याकडून वकील मिळवण्याचा हक्क असला पाहिजे. हे मी पोलिसांचा वकील म्हणून लिहीत नाही. माझी बहुतेक वकिली पोलीस कोठडीत मार खाल्लेल्या पोरांसाठी आणि त्यांच्या आई-वडिलांसाठी झाली आहे. म्हणूनच आमच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत मी या मागणीला पाठिंबा देणारा ठराव मांडला, तेव्हा एक ज्येष्ठ साथी उठून म्हणाले, "वकीलसाहेब, आधी ठरवा, तुम्ही काठीच्या बाजूचे की पाठीच्या?" सभागृह हसलं आणि ठराव पडला.

प्रश्न चांगला होता, म्हणून त्याचं उत्तर सविस्तर देतो.

मुस्लिम समाजाचा पोलिसांवरचा राग कुणी शिकवलेला नाही. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने १९९८ साली दिलेल्या अहवालात मुंबईच्या दंगलींतल्या वर्तनाबद्दल ३१ पोलिसांवर ठपका ठेवला. तो अहवाल कोणत्याही जमातीने लिहिलेला नव्हता, एका विद्यमान न्यायाधीशाने लिहिला होता. मालेगावच्या २००६ च्या बॉम्बस्फोटात पकडलेली आमची माणसं वर्षानुवर्षं तुरुंगात राहिली आणि २०१६ मध्ये आरोपमुक्त झाली. हा सगळा हिशेब माझ्यासमोर आहे. मी फक्त इतकंच विचारतो, की या हिशेबात शेवटी पैसे कुणाच्या खिशातून गेले?

शिक्षा कुठे येऊन थांबते

सुलेमान उस्मान बेकरी घ्या. ९ जानेवारी १९९३ ला तिथे पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. पुढे १८ पोलिसांवर खटला उभा राहिला. २००३ मध्ये सत्र न्यायालयाने त्यांतले नऊ जण आरोपमुक्त केले. त्यांत सर्वांत वरच्या हुद्द्यावरचे, म्हणजे त्या वेळचे सहपोलीस आयुक्त होते. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये त्यात हस्तक्षेप केला नाही. खटल्याला मागे उरले ते त्यांच्या हाताखालचे.

ख्वाजा युनूसचं प्रकरण पाहा. परभणीचा हा तरुण इंजिनिअर जानेवारी २००३ मध्ये कोठडीतून पळाला, असं पोलिसांनी सांगितलं. तो कोठडीतच मेला, असं सीआयडीच्या तपासात पुढे आलं. सीआयडीने १४ पोलिसांवर ठपका ठेवला. सरकारने खटल्याची मंजुरी दिली ती चौघांपुरती : एक अधिकारी आणि तीन शिपाई. त्याची आई वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिली आणि बाकीच्या दहा जणांपर्यंत कायद्याचा हात पोचला नाही.

हाशिमपुऱ्याचंही तेच. मे १९८७ मधल्या त्या हत्याकांडासाठी दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये, म्हणजे ३१ वर्षांनी, प्रांतीय सशस्त्र दलाच्या १६ जणांना जन्मठेप दिली. त्यांत एकही वरिष्ठ अधिकारी नाही.

या शिपायांना शिक्षा झाली याचं मला दुःख नाही. ज्याने गोळी झाडली त्याने जबाब दिलाच पाहिजे. पण तीनही ठिकाणी शिडी खालच्या पायरीवरच संपते. हुकूम देणारा, पाहून न पाहिल्यासारखं करणारा, नंतर कागद रंगवायला सांगणारा, हे वरच्या पायऱ्यांवर सुरक्षित बसून राहतात. आपण खालच्या पायरीवर थुंकतो आणि समाधान मानतो. त्याला इन्साफ म्हणायचं का?

भजनी मंडळ चालतं, संघटना चालत नाही

शिपाई बोलत का नाही? याचं एक कारण कायद्यात लिहून ठेवलं आहे. संविधानाचं कलम ३३ संसदेला पोलीस आणि सैन्यदलांचे मूलभूत हक्क मर्यादित करू देतं. त्याआधारे १९६६ साली पोलीस दले (हक्कांवर निर्बंध) कायदा झाला. परवानगीशिवाय पोलिसाला कामगार संघटनेत जाता येत नाही. इतर कोणत्या संस्थेत जायचं, तर ती दलाने मान्य केलेली हवी, नाहीतर निव्वळ सामाजिक, करमणुकीची किंवा धार्मिक हवी. हे मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

हे पुन्हा वाचा. शिपाई भजनी मंडळात जाऊ शकतो, क्रिकेट क्लबात जाऊ शकतो. पण "साहेब, मला बेकायदा काम सांगू नका" असं चार जणांनी मिळून म्हणायला तो संघटना काढू शकत नाही. ज्या दलात धर्माच्या नावाने एकत्र यायला मुभा आहे आणि कायद्याच्या नावाने एकत्र यायला बंदी आहे, त्या दलाकडून आपण निःपक्षपातीपणाची अपेक्षा करतो!

महाराष्ट्रात एकदा संघटना झाली होती. १८ ऑगस्ट १९८२ ला मुंबईत पोलिसांचा उद्रेक झाला, नायगाव आणि वरळीच्या पोलीस वसाहती पेटल्या, शहरात लष्कर आलं. बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होते. संघटना मोडून काढली गेली, अनेक शिपाई बडतर्फ झाले. त्या दिवशी शहरात जाळपोळ आणि लूट झाली, तिचं समर्थन मी करणार नाही. पण त्यानंतर शिपायाच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते आजवर निघालेलं नाही. आयपीएस अधिकाऱ्यांची मात्र असोसिएशन आहे. ती निवेदनं काढते, आपल्या सदस्यांच्या बाजूने बोलते. म्हणजे बंदी पोलिसांच्या संघटनेवर नाही, गरीब पोलिसांच्या संघटनेवर आहे. आणि केरळात शिपायांची मान्यताप्राप्त संघटना आहे, तिच्यामुळे ते राज्य बुडालेलं नाही.

वकील आणि कवच

आता आमच्या साथींचा सर्वांत भक्कम आक्षेप. ते म्हणतात, पोलिसांना आधीच इतकं संरक्षण आहे, अजून कशाला?

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. एक आहे कवच : सरकारच्या मंजुरीशिवाय खटलाच चालवता येणार नाही, ही तरतूद. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती कलम १९७ होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत २१८ आहे. गंमत अशी, की हे कवच मुळात अशा लोकसेवकासाठी आहे ज्याला सरकारच काढू शकतं. शिपायाला तर आयुक्त किंवा अधीक्षकही काढू शकतो. त्यामुळे राज्य सरकारने वेगळी अधिसूचना काढली तरच ते शिपायापर्यंत पोचतं. कवच मोठ्यांच्या मापाने शिवलेलं आहे आणि मंजुरी कुणाला द्यायची, कुणाला नाही, हे मंत्रालयात ठरतं. चौदातले चार कसे उरले, ते यावरून समजावं.

दुसरी गोष्ट आहे वकील. आरोपीला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला मिळावा हा संविधानाच्या कलम २२ मधला हक्क आहे. तोच हक्क आपण आपल्या पोरांसाठी मागतो. पोलीस कोठडीतल्या आरोपीसाठी डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेले नियम मी शेकडो वेळा कोर्टात वाचून दाखवले आहेत. तो हक्क गणवेश पाहून बदलत असेल, तर उद्या टोपी पाहूनही बदलेल.

आणि वकिलामुळे गुन्हेगार सुटतोच असं नाही. जॉर्ज फ्लॉइडची मान गुडघ्याखाली दाबणाऱ्या मिनियापोलिसच्या पोलिसाचा बचाव त्या राज्याच्या पोलीस संघटनेच्या कायदेशीर निधीतून झाला. त्याला पूर्ण ताकदीचा वकील मिळाला, पूर्ण सुनावणी मिळाली, आणि २० एप्रिल २०२१ ला ज्युरीने त्याला दोषी ठरवलं. त्याच्या विरोधात साक्ष द्यायला खुद्द पोलीस प्रमुख उभे राहिले. अमेरिकेतल्या पोलीस संघटनांनी दुसरीकडे मोठं नुकसान केलं आहे, हेही खरं. शिस्तभंगाची प्रक्रियाच त्यांनी करारात बांधून टाकली आणि बडतर्फ झालेले पोलीस लवादामार्फत परत आणले. म्हणून आपली मागणी नीट आखलेली हवी : संघटनेने वकील द्यावा, तक्रारीची चौकशी कशी व्हावी यावर तिला सौदा करता येऊ नये.

आज आपल्याकडे कोठडीत माणूस मेला की काय होतं? शिपाई निलंबित होतो. निर्वाह भत्त्यावर घर चालवायचं, विभागीय चौकशीला तोंड द्यायचं, तिथे वकील हक्काने मिळत नाही. फौजदारी खटल्याचा वकील परवडत नाही. मग वकील सुचवतो कोण? साहेब. पैशाची व्यवस्था करतो कोण? साहेब. मग शिपायाचा जबाब कुणाच्या सोयीने होणार? मी उलटतपासणीला उभा राहतो तेव्हा समोरचा शिपाई स्टेशन डायरीतल्या नोंदीपलीकडे एक शब्द बोलत नाही. त्याचं आणि साहेबाचं हित वेगळं आहे, हे त्याला सांगणारा माणूसच नसतो. तो सांगणारा वकील असता, तर त्यातला एखादा माफीचा साक्षीदार झाला असता आणि वरच्या पायरीचं नाव कोर्टाच्या कागदावर आलं असतं. ही गरज शिपायापेक्षा मेलेल्या पोराच्या आईची जास्त आहे.

म्हणूनच ही संघटना फक्त खालच्या हुद्द्यांची हवी. इंग्लंडमध्ये १९१८ आणि १९१९ च्या पोलीस संपांनंतर संप करणं बंद केलं गेलं, पण पोलीस फेडरेशन ही वैधानिक संघटना उभी राहिली. ती शिपायापासून चीफ इन्स्पेक्टरपर्यंतच्यांची आहे, बड्या अधिकाऱ्यांची नाही. संप नाही, पण आवाज आहे आणि वकील आहे. साहेबांनी स्वतःच्या देशात हे दिलं. हिंदुस्थानातल्या पोलिसांसाठी १९२२ मध्ये असंतोष पसरवण्याविरुद्धचा कायदा आणला.

दुसरा आक्षेप : अशी संघटना जातीयवाद्यांच्या हातात जाईल. धोका आहे. पण जातीयवाद दलात आज संघटनेशिवायच फिरतो, त्याला सभासद नोंदवही लागत नाही. नोंदणीकृत संघटनेला घटना असते, निवडणूक असते, हिशेब असतो, तिच्यावर खटला करता येतो. आणि मुस्लिम शिपाई, दलित शिपाई, महिला शिपाई हे आज पोलीस ठाण्यात एकेकटे असतात. त्यांच्या वाट्याला छळ आला तर त्यांनी दार ठोठवायचं कुणाचं?

एक गोष्ट आपल्याच घरातलीही सांगितली पाहिजे. ११ ऑगस्ट २०१२ ला आझाद मैदानात जमावाने महिला पोलिसांच्या अंगावर हात टाकले. आपल्यातल्या किती जणांनी त्या बायकांना वकील हवा म्हणून आवाज उठवला? इन्साफ मागणाऱ्याने तो दोन्ही हातांनी मागावा लागतो. सुरेश खोपडे यांनी भिवंडीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या तेव्हा शिपाई आणि मोहल्ल्यातली माणसं एका चटईवर बसली, आणि डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. शिपाई हा माणूस आहे असं धरून चाललं की काय होतं, याचा तो पुरावा आहे.

तेव्हा आपली मागणी अशी असावी. १९६६ च्या कायद्याखाली महाराष्ट्र सरकारने शिपाई, हवालदार आणि सहायक फौजदारांच्या संघटनेला मान्यता द्यावी. सभासदत्व जात-धर्म न पाहता खुलं, संप वर्ज्य, वर्गणीतून कायदेशीर निधी. अधिकारी आणि शिपाई एकाच प्रकरणात आरोपी असतील तर वकील वेगळे. बेकायदा हुकूम नाकारणाऱ्याचा बचाव हे संघटनेचं पहिलं काम. त्याच दमात : कोठडीतल्या मृत्यूसाठी खटल्याच्या मंजुरीची अट रद्द करा, प्रकाश सिंह निकालाने २००६ मध्ये सांगितलेलं पोलीस तक्रार प्राधिकरण जिल्ह्या-जिल्ह्यांत खरोखर चालवा, आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितल्याप्रमाणे प्रत्येक पोलीस ठाण्यात चालू असलेले सीसीटीव्ही लावा. यातली एक मागणी घेऊन दुसरी सोडली तर व्यवहार फसेल.

२३ एप्रिल १९३० ला पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या साथीदारांनी निःशस्त्र पठाणांवर गोळी झाडायला नकार दिला. हिंदू शिपाई, समोर मुसलमान, आणि हुकूम इंग्रजांचा. त्यांचं कोर्ट मार्शल झालं. बॅरिस्टर मुकंदीलाल त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांचे जीव वाचले. आपण त्या शिपायांचं कौतुक करतो, त्या बॅरिस्टरला मात्र विसरतो. बंदूक खाली ठेवणाऱ्याच्या मागे कुणीतरी उभं राहील, हे शिपायाला आधी माहीत असावं लागतं. उद्या एखाद्या बंदोबस्तात एखादा शिपाई तसा थांबावा असं आपल्याला वाटत असेल, तर त्याच्या वकिलाची तजवीज आजच करायला हवी. पडलेला ठराव मी पुढच्या बैठकीत पुन्हा मांडणार आहे.