‘अनुपलब्ध’ या शब्दाची चौकशी

मराठीच्या प्रबंधांत ‘सदर ग्रंथ अनुपलब्ध’ हे तीन शब्द अलीकडे इतक्या सहजपणे लिहिले जातात की, ते लिहिताना आपण एक विधान करीत आहोत आणि विधानाला पुरावा लागतो, याचा लिहिणाऱ्यास विसर पडलेला असतो. पूर्वी या शब्दांमागे निदान चार ग्रंथालयांच्या पायऱ्या झिजविलेल्या असत. आता काय असते? आमच्या पाहण्यात जी प्रकरणे आली त्यांतील बरीचशी अशी: ग्रंथ आंतरजालावर होता, संशोधकाने तो घरच्या संगणकावर उतरवून घेतला, आठवड्याने उघडू पाहिला तर सापडला नाही, आणि पुन्हा उतरवावा तर मूळ दुवा आठवेना. झाले, ग्रंथ अनुपलब्ध! वस्तुतः तो त्याच्याच घरात, त्याच्याच टेबलावरील यंत्रात पडून असतो.

यावर आमच्या व्यवसायबंधूंचे उत्तर ठरलेले आहे. ‘हे तांत्रिक काम. आम्ही साहित्याची माणसे.’ हे वाक्य ज्या अभिमानाने उच्चारले जाते त्याचे आम्हांस नेहमीच नवल वाटत आले आहे. साहित्याच्या माणसांनी आजवर दुसरे काय केले? महानुभावांचे ग्रंथ सांकेतिक लिपींत बंदिस्त होते. पोथ्या होत्या, मठांतून जपलेल्या होत्या, परंतु बाहेरच्या वाचकाच्या लेखी त्या नसल्यातच जमा होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला तो ‘हे लेखनिकाचे काम’ म्हणून बाजूला सारून नव्हे. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली. ग्रंथ कोठे आहे, कोणत्या नावाने आहे, कोणत्या वर्षाचा आहे, हे नोंदविणे हाच तिचा विषय. ग्रंथाचे नाव, ठिकाण आणि प्रत यांचा शोध हा आपल्या विद्याशाखेचा पाया आहे. मग तोच शोध संगणकाच्या तबकडीवर घ्यावा लागला की तो एकाएकी शिपायाचे किंवा भाच्याचे काम कसा ठरतो?

प्रथम नावाचा प्रश्न घेऊ, कारण निम्मे घोटाळे तेथेच होतात. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पात चित्रांकित झालेले हजारो मराठी ग्रंथ आज ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर आहेत. त्यांतला एखादा उतरवून घेतला की त्याच्या फाइलीचे नाव बहुधा २०१५ या आकड्याने सुरू होते, पुढे पाचसहा अंकी क्रमांक येतो आणि मग रोमन लिपीत मोडतोड झालेले शीर्षक. नोंदीत लेखकाच्या जागी कित्येकदा ‘नॉट अव्हेलेबल’ असे छापलेले असते. (अनुपलब्धतेचा हा संसर्ग मुळातच आहे म्हणायचा.) आता संशोधक आपल्या संगणकाच्या शोधपट्टीत ग्रंथाचे शीर्षक देवनागरीत टंकतो. फाइलीच्या नावात देवनागरी अक्षर एकही नाही. आत पाहावे तर पानांची नुसती छायाचित्रे, त्यांत यंत्राला वाचता येईल असा मजकूरच नाही. यंत्र ‘काही सापडले नाही’ म्हणते ते अक्षरशः खरे असते. त्याचा अर्थ ‘फाइल नाही’ असा करणे हे आमच्या विद्यार्थ्याचे अनुमान, आणि ते हेत्वाभासाचे उत्तम उदाहरण आहे.

देवनागरीत नाव दिले म्हणजे सुटलो, असेही नाही. ‘दुसऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन रीतींनी टंकला जातो: एकीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर योजून, दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि पाठोपाठ एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात, पण यंत्राच्या लेखी त्या दोन भिन्न अक्षरमालिका आहेत. ‘ॲ’चेही तसेच; हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्याआधी आणि नंतरही अनेकांनी ‘अ’वर चंद्र चढवून काम भागविले. एका कळफलकावर नाव दिले आणि दुसऱ्या कळफलकावर शोधले तर हाती काही लागेलच असे नाही. त्यात ‘नांव’, ‘कांहीं’ अशी १९६२पूर्वीच्या लेखनातील अनुस्वारांची रूपे मुखपृष्ठावरून जशीच्या तशी उचललेली असतील तर पाहायलाच नको. आणि श्रीलिपी, आकृती, शिवाजी यांसारख्या जुन्या टंकांत केलेले लेखन? ते दिसते मराठी, परंतु यंत्राच्या दृष्टीने ती रोमन चिन्हांची निरर्थक रांग असते. त्या फाइलीच्या पोटात ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द जन्मभर शोधला तरी सापडावयाचा नाही. पाठचिकित्सेच्या तासाला लिपिकाराच्या हस्तदोषांवर आपण तास-तास बोलतो. हा प्रश्न त्याच जातीचा आहे, आणि तो यंत्राच्या विक्रेत्यास नव्हे, आपल्यास समजावयास हवा.

आता ठिकाण. विंडोजमध्ये वापरकर्त्याच्या नावाखाली ‘डाउनलोड्स’ हे स्वतंत्र फोल्डर व्हिस्टापासून आले, आणि आज बहुतेक न्याहाळक काही न विचारता फाइल तेथेच ठेवतात. न्याहाळकात कंट्रोल आणि जे या कळा एकत्र दाबल्या की उतरविलेल्यांची यादी येते, तीत ‘फोल्डरमध्ये दाखवा’ अशी सोयही असते. पाच मिनिटांचे शिक्षण, पण आमच्या अनुभवाप्रमाणे वर्गातील फार थोड्यांनी ते घेतलेले असते. ही यादी मात्र जपून वाचावी. क्रोमवर उतरविलेली फाइल तुम्ही दुसरीकडे हलविली की यादी ती ‘काढून टाकली’ म्हणून दाखविते. यादीला फक्त जुना पत्ता ठाऊक. झिप फाइल सोडविली असेल तर आतील फायली आपली मूळ तारीख घेऊन बाहेर येतात आणि तारखेच्या क्रमात आजच्या ओळीत न दिसता दहा वर्षांपूर्वीच्या ओळीत जाऊन बसतात. अशा वेळी फेरफाराची नव्हे, निर्मितीची तारीख लावून पाहावे. उतरणे अर्धवट राहिले असेल तर नावाला ‘पार्ट’ किंवा ‘सीआर-डाउनलोड’ अशी शेपटी लागलेली असते, आणि विंडोज नेहमीच्या परिचित शेपट्या मुळातच लपवून ठेवीत असल्यामुळे शेपटी वाचण्याची सवय कुणालाच नसते.

सर्वांत घातक प्रकार वेगळाच आहे आणि त्यावर थोडे थांबले पाहिजे. एका विद्यार्थिनीने मार्गदर्शकांच्या विपत्राला जोडून आलेले प्रकरण तेथल्या तेथेच उघडले, तीन रात्री त्यावर दुरुस्त्या केल्या, दर वेळी इमानेइतबारे जतन केले. चौथ्या दिवशी विपत्रातील जोडपत्र पुन्हा उघडले तेव्हा त्यात एकही दुरुस्ती नव्हती. तिच्या विभागात तिला सांगण्यात आले की, तू जतनच केले नसशील. तिने जतन केलेच होते. जोडपत्र थेट उघडले असता कित्येकदा त्याची एक नक्कल तात्पुरत्या, लपलेल्या फोल्डरात ठेवली जाते आणि जतन होते ते त्या नकलेत. मूळ विपत्र अर्थातच अबाधित राहते. वर्डच्या ‘अलीकडील दस्तऐवज’ या यादीत त्या नकलेचा पत्ता मिळाला आणि प्रकरण परत आले. तो पत्ता संगणक साफ करण्याआधी पाहिला गेला हे नशीब. तात्पुरती फोल्डरे साफसफाईत पहिल्यांदा जातात. एका विद्यार्थिनीला खोटे ठरविण्यापूर्वी तिच्या विभागाने एवढे तरी जाणून घ्यावयास नको होते काय?

दोष सारा आपलाच, असे मात्र आम्ही म्हणत नाही. यंत्र बनविणाऱ्या कंपन्यांनी गेल्या वीस वर्षांत ‘ठिकाण’ ही कल्पनाच वापरणाऱ्यापासून दूर नेली आहे. वनड्राइव्हची साठवण चालू झाली की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरे त्याच्या पोटात सरकतात; नाव तेच, चित्र तेच, पत्ता निराळा. काही फायलींवर ढगाचे चिन्ह येते, म्हणजे वस्तू येथे नाहीच, केवळ तिची पाटी येथे आहे. जाल बंद असले की पाटी उघडत नाही. डाउनलोड्स हे फोल्डर मात्र या साठवणीत येत नाही, म्हणजे जे सुरक्षित वाटते तेच उघड्यावर. जतन करण्याची चौकट उघडली तर तीत त्याच प्रकारच्या फायली दिसतात, बाकीच्या असूनही नसल्यासारख्या. भ्रमणध्वनीवर वाढलेल्या पिढीला तर फाइल ‘कोठे’ असते हा प्रश्नच अपरिचित आहे, आणि तो त्यांचा अपराध नव्हे.

कधी कधी फाइल खरोखरच जाते, हेही मान्य केले पाहिजे. विंडोज १०ची ऑक्टोबर २०१८मधील सुधारित आवृत्ती बसविताना काही लोकांच्या फायली पुसल्या गेल्या. ज्यांनी आपली फोल्डरे दुसरीकडे वळविली होती पण जुन्या जागी फायली शिल्लक होत्या, त्यांची जुनी जागा रिकामी समजून काढून टाकण्यात आली. मायक्रोसॉफ्टला वितरण थांबवावे लागले आणि नोव्हेंबरात ते पुन्हा सुरू झाले. अशा प्रसंगी रीसायकल बिन पाहून झाल्यावर यंत्रावर नवे काही उतरवू नये, कारण नवे लेखन जुन्याच्या जागेवरच होते. पण हे अपवाद. सामान्य तक्रारीला या अपवादाचा आडोसा देणे योग्य नाही.

‘त्यात काय, पुन्हा उतरवून घ्यावी’ असा एक उपाय सर्रास सुचविला जातो. त्याचा परिणाम आम्ही पाहिला आहे. एकाच ग्रंथाच्या पाच प्रती, नावापुढे कंसात एक, दोन, तीन. टिपा दुसऱ्या प्रतीवर, अधोरेखने चौथीवर, आणि प्रबंधातील पृष्ठांक एका वेगळ्याच आवृत्तीच्या चित्रांकनाचे, कारण पुन्हा शोधताना हाती लागला तो ग्रंथ त्याच नावाचा पण पुढच्या आवृत्तीचा होता. परीक्षकाने पृष्ठांक ताडून पाहिला नाही म्हणून हे खपून गेले. आपल्याच घरात पाठभेद निर्माण करून ठेवणारा हा एकमेव संशोधक नसावा.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांपासून पीएच.डी.ला पूर्वअभ्यासक्रम सक्तीचा झाला. त्यातील संशोधनपद्धतीच्या तासांत संदर्भसूची कशी लिहावी यावर बरेच बोलले जाते. सूचीतील वस्तू स्वतःच्या संगणकावर कशी ठेवावी यावर आम्ही तरी कोठे बोललेले ऐकले नाही. आमची मागणी मोठी नाही. ज्या प्रबंधात ‘अनुपलब्ध’ असा शेरा असेल त्यात कोठे कोठे, कोणकोणत्या लेखनरूपांनी आणि केव्हा शोधले, हे एका वाक्यात नोंदविणे मार्गदर्शकाने अनिवार्य करावे. आणि उतरविलेल्या प्रत्येक फाइलीस त्याच बैठकीत नाव द्यावे: लेखकाचे आडनाव, शीर्षकाचा पहिला शब्द, आवृत्तीचे वर्ष, आणि ज्या संग्रहातून घेतली त्याची खूण, सर्व एकाच कळफलकावर टंकलेले, आणि शक्य तर त्याच नोंदीची ओळ एका वहीत. उपशीर्षकासह संपूर्ण नाव घालण्याचा विद्वत्तापूर्ण मोह मात्र आवरावा. विंडोजमध्ये फोल्डरांसकट पूर्ण पत्त्यास २६० अक्षरांची जुनी मर्यादा अनेक ठिकाणी अद्याप लागू पडते. आपल्या एकोणिसाव्या शतकातील ग्रंथांची लांबलचक शीर्षके तीत मावत नाहीत, आणि मग झिप सोडविताना नेमकी तीच फाइल मागे राहते.