आसनाचे माप

कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरात कापड कधी कमी पडत नाही. परंतु त्या कापडाचे वस्त्र करणारे हात त्याच घरातून केव्हा नाहीसे झाले, हे ध्यानात येण्यास एखादा प्रसंगच यावा लागतो. कृष्णाकाठच्या एका बाजारपेठेच्या गावी, तीन पिढ्या पॉपलीन, मांजरपाट आणि लाँगक्लॉथ मापून देणाऱ्या एका कुटुंबात असा प्रसंग आला, तो घरातील वडीलधाऱ्यांच्या पायजम्याच्या निमित्ताने.

आप्पांचे वय ७४. पावसाळ्यात दुकानाची ओली पायरी उतरताना ते पडले आणि उजव्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया करून खुब्याचा गोळा बदलावा लागला. घरी सोडताना डॉक्टरांनी पथ्ये सांगितली: काही आठवडे कमरेतून काटकोनापेक्षा अधिक वाकायचे नाही, जमिनीवर मांडी घालायची नाही, वॉकरशिवाय पाऊल टाकायचे नाही. कपडे घालताना शस्त्रक्रियेचा पाय आधी घालायचा आणि काढताना तोच शेवटी काढायचा. हे सारे आप्पांनी निमूटपणे स्वीकारले. अडले ते पायजम्यापाशी.

बाजारातून आणलेल्या तयार पायजम्यांचे पाय खाली इतके अरुंद की सुजलेले पाऊल त्यातून जाईना. मोठ्या मापाचा आणला, तर पाऊल गेले, पण कंबर उतरू लागली. नाडी ओढावी तर तिचे एक टोक नेफ्यात पसार होई, आणि वाकण्याची मनाई असलेल्या माणसाने ते शोधायचे कसे? मुलाने लुंगीचा पर्याय सुचविला. तथापि दोन्ही हातांनी वॉकर धरलेल्या माणसाची लुंगी सुटली, तर ती सावरण्यास तिसरा हात लागतो. असे दोनदा झाल्यावर आप्पांनी लुंगीचे नाव काढू दिले नाही. परिणामी प्रत्येक वेळी मुलाला दुकानातून हाक मारून बोलवावे लागे. ज्या माणसाने चाळीस वर्षे कोणाचे पाच पैसे बाकी ठेवले नाहीत, त्याला दिवसातून चार वेळा नाडीसाठी दुसऱ्याच्या हाती जावे लागले. आप्पा बाहेरच्या खोलीत येईनासे झाले. भेटीस आलेल्यांना 'झोपले आहेत' असे सांगण्यात येऊ लागले.

शिंप्याकडे जावे, हा विचार सर्वप्रथम सुचला होताच. दुकानाच्या कट्ट्यावर मशीन टाकून बसणारा शिंपी मुलांच्या नोकरीपाठोपाठ पुण्यास गेला, त्यास बरीच वर्षे झाली. गावात जे उरले आहेत ते ब्लाउज शिवतात किंवा तयार कपड्यांची उंची कमी करून देतात. साध्या पायजम्याची मजुरी त्यांना परवडत नाही. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. काम तासादीड तासाचे, आणि तयार पायजम्याच्या किमतीपुढे त्याचे दाम कोणी देत नाही.

अखेर सूनबाईंनी मनाशी ठरविले की पायजमा आपणच शिवायचा. सूनबाई दुकानाचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रे सांभाळतात. त्यांची शिवणाची विद्या तोवर बटण लावण्यापुरती होती. माजघराच्या कोपऱ्यात सासूबाईंचे पायाने चालवायचे शिवणयंत्र होते. सासूबाई जाऊन सहा वर्षे झाली. त्यानंतर त्या यंत्रावर वर्तमानपत्रांची रद्दी ठेवली जाई.

शिवणयंत्राला आपल्या घरांत कधीकाळी दागिन्याच्या खालोखाल मान होता. ते विकत घेणे सामान्य संसाराला पेलणारे नव्हते. म्हणून सिंगर कंपनीने १८५६ च्या सुमारास अमेरिकेत हप्त्यांनी विक्रीची पद्धत सुरू केली. घरगुती कर्जाचा इतिहास लिहावयाचा तर त्याचे पहिले पान या यंत्राला द्यावे लागेल. यंत्रांच्या हव्यासावर कठोर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली बोलताना सिंगरच्या शिवणयंत्राचा मात्र अपवाद केला होता. पुढे कलकत्त्यात तयार होणारे 'उषा' यंत्र आले आणि लग्नाच्या रुखवतात जाऊन बसले. सासूबाईंचे यंत्र तेच.

सहा वर्षांत त्यातील तेल गोठून डिंकासारखे झाले होते. मुलाने रॉकेलने ते धुऊन काढले, नवे तेल सोडले, चामड्याचा पट्टा बदलला. तरीही टाके सुटत राहिले. दोन दिवसांनी उलगडा झाला की सुई उलटी बसविली होती. तिची सपाट बाजू कोणीकडे असावी, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. हे ज्यांना ठाऊक होते त्यांना कोणी कधी विचारलेच नव्हते.

मग कापड. पायजम्याची लांबी ४० इंच, नेफ्यासाठी २, खालच्या मुडपेसाठी २, म्हणजे एका पायास ४४ आणि दोन पायांस ८८ इंच. ३६ इंच पन्ह्याच्या पॉपलीनमध्ये एका पायास पूर्ण पन्हा पुरतो. सव्वादोन मीटरांत काम होते. सूनबाईंनी दुकानातील पांढऱ्या ठाणातून तेवढे कापड काढले, आप्पांचा एक तयार पायजमा त्यावर पसरला, खडूने रेघा ओढल्या आणि कात्री चालविली. टीप मारताना आधी प्रत्येक पाय स्वतंत्र जोडून घ्यावयाचा असतो. त्यांनी दोन्ही तुकड्यांच्या लांब कडा एकमेकींना जोडल्या. पायजमा न होता एक घोळदार झगा तयार झाला. तो रात्री कोणाच्या दृष्टीस न पडता उसवला गेला आणि पुन्हा शिवला गेला.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी तो घातला. उभे असता ठीक वाटला. खुर्चीत बसताच मागची कंबर खाली ओढली गेली. एकदा धुतला आणि तो घोट्याच्या वर गेला. कोरे सुती कापड धुण्यात आटते. शंभरात तीन इतकेच आटले तरी ४४ इंचांत सव्वा इंचाहून अधिक जाते. "कापड आधी पाण्यातून काढून घ्यावे, मग बेतावे. उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो," आप्पा म्हणाले. सूनबाईंनी हळूच विचारले, "मग आप्पा, मी कापड काढले तेव्हा आपण का नाही बोललात?" आप्पांनी उत्तर दिले नाही. सुनेने आपला पायजमा शिवावा, हीच गोष्ट त्यांना खुपत होती, आणि ती सांगता येण्याजोगी नव्हती.

येथे खरी अडचण मापाची होती. सासऱ्यांच्या कमरेभोवती टेप लावणे सूनबाईंना अवघड, आणि आप्पांना त्याहून अवघड. मुलाने मापे घेतली ती कमरेची व लांबीची. परंतु पायजम्याचे सारे रहस्य तिसऱ्याच मापात असते. त्यास शिंपी 'आसन' म्हणतात. माणसाला सपाट खुर्चीवर ताठ बसवावे आणि कमरेपासून खुर्चीच्या पृष्ठभागापर्यंत बाजूने मोजावे, की ते अंतर मिळते. त्यात बसण्या-उठण्यासाठी थोडी सैल जागा मिळवावी. शिवाय मागचे आसन पुढच्याहून इंच-दीड इंचाने उंच ठेवावे लागते, कारण बसताना मागच्या अंगास कापड अधिक लागते. तयार पायजमा स्वस्त करताना पुष्कळदा नेमकी येथेच काटकसर होते. कंबर आणि लांबी लेबलावर छापतात. आसन कोणीच छापत नाही.

आप्पांना नेटका बसणारा असा एकच पायजमा घरात शिल्लक होता. तो सासूबाईंनी शिवलेला शेवटचा. गुडघ्यावर विरलेला, म्हणून कपाटात घडी करून ठेवलेला. तो उसवून त्याचे तुकडे नव्या कापडावर ठेवले, तर बेत हाती येणार होता. पण तो मागावा कसा? सूनबाईंनी दोन दिवस विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी आप्पांनीच मुलाकरवी तो पायजमा मागवून घेतला, चष्मा लावला आणि जुन्या ब्लेडने एकेक टाका स्वतःच उसवीत बसले. सायंकाळपर्यंत ते काम चालले. दोरा तुटू न देता त्यांनी गुंडाळून बाजूला ठेवला.

तुकडे सुटे होऊन पसरले तेव्हा सासूबाईंचा हात कळला. मागचे आसन पुढच्यापेक्षा पुरते दोन इंच उंच. दोन्ही पाय जेथे मिळतात तेथे चौकोनी मियानी लावलेली. चार शिवणी एका बिंदूवर आल्या की ताण तेथेच पडतो आणि कापड तेथेच फाटते. मियानीमुळे तो ताण पसरतो. आप्पा दुकानाच्या गादीवर दिवसाचे दहा तास मांडी घालून बसत. त्या बैठकीसाठीच ही योजना होती. आप्पांच्या वडिलांना धोतरात हा प्रश्नच नव्हता, कारण न शिवलेले वस्त्र बसणाऱ्याप्रमाणे आपोआप सैल होते. पायजमा फारसी मुलखातून आला (पाय आणि जामा, म्हणजे पायांचे वस्त्र), विजार हा शब्द अरबी 'इजार'वरून आला, पण गादीवरच्या मांडीला तो जुळवून घेतला तो घराघरांतील अशा बायकांनी. त्याची नोंद कोठे नाही.

आणखी एक गोष्ट आढळली. उजवा पाय डाव्यापेक्षा अर्ध्या इंचाने आखूड बेतलेला होता. प्रथम ती चूक वाटली. आप्पांनी दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून पाहिले आणि बराच वेळ ते काही बोलले नाहीत. "माझा उजवा पाय जरा तोकडा आहे. लहानपणी झाडावरून पडलो होतो. तिला मी कधी सांगितले नव्हते," एवढेच ते म्हणाले.

तरीही तो बेत जसाच्या तसा उपयोगी नव्हता. शस्त्रक्रियेनंतर दोन्ही पाय जवळपास समान झाले होते, आणि मांडीची बैठक जाऊन खुर्ची आली होती. तेव्हा आता आप्पा स्वतः बेताला बसले. कापड कसे धरावे, उभा धागा पायाच्या लांबीत सरळ का राहिला पाहिजे, तो तिरका गेला तर पायजम्याचा पाय धुतल्यावर पिळवटतो कसा, हे त्यांना तोंडपाठ होते. शिवण त्यांना येत नव्हते, कापड येत होते. या खेपेस कापड २.४० मीटर घेतले, रात्रभर भिजविले, वाळवून इस्त्री केले. "सूनबाई, कात्रीचे खालचे पाते मेजावरून उचलू नकोस, कापड जागचे हलेल," अशा सूचना होऊ लागल्या. मागचे आसन दोन इंच उंच राहिले. पायांचा खालचा घेर सपाट मापून ९ इंचांचा होता तो ११ केला, म्हणजे वॉकरपाशी उभ्याने किंवा खुर्चीत बसून पाऊल सहज जावे. एक पाय सुलटा करून दुसऱ्या उलट्या पायात घालून आसनाची अर्धवर्तुळाकार शिवण एका दमात मारली आणि तीवर दुसरी टीप घातली.

नेफ्याची युक्ती सूनबाईंची. मागच्या भागात इलॅस्टिक आणि पुढच्या भागात नाडी. नाडीचे दोन तुकडे इलॅस्टिकच्या दोन टोकांना शिवून टाकले आणि पुढे दोन काजे करून त्यांतून बाहेर काढले. त्यामुळे नाडी नेफ्यात गडप होण्याचा प्रश्न कायमचा मिटला, कंबर अंगासरशी राहिली आणि गाठ मारावयाची ती नावापुरती. काजे मात्र ओबडधोबड झाली. ती पाहून आप्पा म्हणाले, "चालेल. वर सदरा येतो."

सोमवारी सकाळी मुलगा दुकान उघडून झाडलोट करीत असता मागून वॉकरचा आवाज आला. आप्पा कोणाला हाक न मारता तयार होऊन आले होते. गादीशेजारी खुर्ची मांडण्यात आली. चहा झाला, दोघे जुने गिऱ्हाईक भेटून गेले. मग त्यांनी वही मागितली. दुकानातून घरात जाणारे कापड मापून आणि लिहूनच जावे, हा त्यांचा जुना दंडक. "घरचाच माल, आप्पा, त्याची कसली नोंद?" असे मुलगा म्हणाला, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे नुसते पाहिले. मालकाने उचललेला माल उचल खात्यावर खरेदीच्या भावाने पडलाच पाहिजे, नाहीतर वर्षाखेरीस साठा आणि वही यांची तोंडे दोन दिशांना होतात.

त्यांनी लिहिले: पॉपलीन पांढरे, २.४० मीटर. मग ठाण मागवून त्यावरील खुणा पाहिल्या, आणि खाली दुसरी ओळ लिहिली: पॉपलीन पांढरे, २.२५ मीटर. पहिल्या पायजम्याचे ते कापड सूनबाईंनी आपल्या पैशांतून भरून काढण्याचे योजले होते आणि तोवर कोणास सांगितले नव्हते. दोन्ही रकमा आप्पांनी स्वतःच्या नावावर टाकल्या आणि वही मिटून मुलाला विचारले, "निळ्या पट्ट्यांचे लाँगक्लॉथ आले आहे का रे? आणखी दोन बेतायचे आहेत."