गावाचे कागद कोणाच्या डेस्कटॉपवर?

हिंगोली जिल्ह्यातल्या पुसेगावचा शेतकरी हळद विकून आला की पट्टीचा आकडा सख्ख्या भावालाही सांगत नाही. घरातली म्हातारी पदराच्या गाठीत किती आहे याचा सुगावा सुनेला लागू देत नाही. यात चोरी नाही, घराची झाकली मूठ आहे. आणि हीच माणसे पीक विम्यासाठी, लाडकी बहीणच्या पंधराशे रुपयांसाठी, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेवा केंद्राच्या दारात रांग लावतात, तेव्हा आधार, पासबुक, सातबारा, आठ-अ असा सगळा संसार एका परक्या लॅपटॉपच्या पोटात घालून घरी जातात. त्या लॅपटॉपला कुलूप आहे का, हे त्यांना कोणी सांगत नाही. सांगण्याची ज्यांची जबाबदारी, त्या सरकारला आम्ही आज जाब विचारत आहोत.

परवा अशाच एका केंद्रात आम्ही तासभर उभे होतो. डेस्कटॉपवर फाइलींची इतकी दाटी की मागचा गणपती दिसेना. ‘आधार नवीन’, ‘आधार नवीन 2’, ‘मावशी पासबुक’. खालच्या उजव्या कोपऱ्यात विंडोज सक्रिय करा, अशी पुसट पाटी, म्हणजे परवाना नाही. बाजूला व्हॉट्सॲप उघडे, त्यात माणसांचे कागद एकामागून एक येऊन पडत होते. एका आजीच्या फोनवर आलेला ओटीपी नातवाने भर गर्दीत मोठ्याने वाचून दाखवला आणि मागे उभ्या असलेल्या दहा जणांनी तो ऐकला. मग कोणीतरी खिशातून पेन ड्राइव्ह काढून त्याच लॅपटॉपला लावला, झेरॉक्सवाल्याकडे न्यायची काही पाने घेतली आणि गेला. त्याने आणखी काय नेले, हे बघायला कोणालाच सवड नव्हती.

केंद्र चालवणाऱ्या पोरावर आमचा राग नाही. तो गावचाच, अर्जामागे मिळणाऱ्या चार पैशांवर घर चालवणारा. त्याने हिंगोलीहून जुना लॅपटॉप आणला तेव्हा तीनच गोष्टी विचारल्या: रॅम किती, हार्ड डिस्क किती, कितीला देता? चौथा प्रश्न त्याला कोणी शिकवलाच नाही. हे यंत्र चोरीला गेले, विकले गेले, दुरुस्तीला गेले, तर आतले कागद कोणाला वाचता येतील? उत्तर भयंकर आहे. हार्ड डिस्क कूटबद्ध, म्हणजे एन्क्रिप्ट, केलेली नसेल, तर विंडोजचा पासवर्ड म्हणजे दाराला लावलेला पडदा. चार स्क्रू काढून डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली की सगळ्या फाइली समोर. दुकानदार ‘फॉरमॅट मारून दिलाय’ म्हणतो तेही खरे धरू नये. साध्या झटपट फॉरमॅटने जुन्या हार्ड डिस्कवरच्या फाइली जात नाहीत, त्यांची फक्त यादी जाते. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने त्या परत वर येतात.

आणि कोरा करकरीत लॅपटॉप घेतला म्हणजे सुटलो, असे समजणाऱ्यांनीही डोळे उघडावेत. 2014 च्या अखेरीस लेनोवो या जगातल्या बड्या कंपनीने आपल्या अनेक लॅपटॉपांत कारखान्यातच ‘सुपरफिश’ नावाचे जाहिरातखोर सॉफ्टवेअर घालून विकले. बँकेच्या पानावर दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हामागेही ते शिरत होते आणि त्याची गुप्त किल्ली सगळ्या यंत्रांत एकच होती. 2015 च्या फेब्रुवारीत एका संशोधकाने ती काही तासांत काढून दाखवली. म्हणजे ग्राहकाने पैसे मोजून घरात चोर आणला आणि चोराची किल्ली साऱ्या जगाला मिळाली! 20 मे 2024 रोजी मायक्रोसॉफ्टने ‘रिकॉल’ जाहीर केले: दर काही सेकंदांनी तुमच्या पडद्याचा फोटो काढून साठवणारी सोय. जगभर बोंब झाली म्हणून कंपनीने ती मागे घेतली, कुलपे बसवली आणि वापरणाऱ्याने हो म्हटले तरच सुरू होईल अशा रूपात 2025 मध्ये आणली. ती सोय सेवा केंद्राच्या पडद्यावर सुरू असती तर काय झाले असते, याचा विचार करा. पडद्यावर आलेले प्रत्येक आधार कार्ड, प्रत्येक पासबुक त्या फोटोंत!

आता सरकारचे वागणे पाहा. 27 मे 2022 रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळूरू कार्यालयाने जनतेला एक सावधगिरीची सूचना दिली. आधारची छायाप्रत कोणालाही देऊ नका, शेवटचे चारच आकडे दाखवणारे आधार वापरा, नेट कॅफेच्या किंवा सार्वजनिक संगणकावर ई-आधार उतरवू नका आणि उतरवलेच तर त्या यंत्रावरून कायमचे पुसून टाका. अक्षरन् अक्षर खरे! पुसेगावच्या प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर रंगवून ठेवावे असे. आणि केंद्र सरकारने काय केले? दोन दिवसांत, 29 मे रोजी, गैरसमज होण्याची शक्यता आहे असे सांगून ती सूचनाच मागे घेतली. अहो, गैरसमज कोणाचा होणार होता? समज येणार होती, तीच तुम्ही काढून घेतलीत! घराला आग लागल्याचे ओरडणाऱ्याचे तोंड दाबण्याचा हा प्रकार आहे, आणि आम्ही त्याचा धिक्कार करतो.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. तो दिल्लीच्या बंगल्यातल्या माणसाला आणि सेनगाव तालुक्यातल्या भूमिहीन मजुराला सारखाच. त्यानंतर कायदा यायला सहा वर्षे लागली. 2023 मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला, नियम 2025 च्या नोव्हेंबरात निघाले आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या लागू करायला आणखी अठरा महिन्यांची सवलत दिली गेली. कायद्यात 250 कोटींपर्यंत दंडाचा आकडा आहे, तो ऐकून कोणी हुरळून जाऊ नये. दंड जाणार सरकारी तिजोरीत. जिचे कागद फुटले त्या बाईच्या हाती छदाम नाही. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्यातले 43-अ हे नुकसानभरपाईचे कलम याच कायद्याने वगळायला काढले. आणि त्या बाईची तक्रार खोटी किंवा क्षुल्लक ठरली तर दहा हजारांपर्यंत दंड तिलाच! याला संरक्षण म्हणायचे? दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर बोगस पीक विमे निघाल्याची प्रकरणे याच महाराष्ट्रात उघडी पडली. त्यांत फुटलेले कागद वापरले गेले नसतील, याची हमी कोण देणार?

म्हणून आमची मागणी साधी आणि रोखठोक आहे. ज्या यंत्रावर सरकारी अर्ज भरायचे, ते यंत्र कसे असावे हे सरकारने ठरवावे आणि त्याचा खर्चही सरकारने सोसावा. परवानाधारक प्रणाली हवी. अख्खी डिस्क कूटबद्ध हवी आणि तिची किल्ली सॉफ्टवेअर कंपनीच्या खात्यात न जाता सेवा केंद्राकडे लखोट्यात असावी. कॅमेऱ्याला सरकते झाकण हवे. संध्याकाळी शटर ओढण्याआधी दिवसभराच्या फाइली पुसल्या गेल्याच पाहिजेत. विंडोजला पर्यायही आहे: केरळच्या सरकारी शाळांत मुले वर्षानुवर्षे लिनक्सवर शिकतात. आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने बॉस लिनक्स तयार करून कधीच देशापुढे ठेवले. अंगठ्याचे यंत्र विंडोजशिवाय चालत नाही, असे केंद्रचालक सांगतात. मग ते चालवून देणे हे त्या गरीब पोराचे काम की मंत्रालयाचे? आणि घरी पोराच्या कॉलेजसाठी लॅपटॉप घेणाऱ्या बापानेही दुकानात तो चौथा प्रश्न विचारावा, तोंड चुकवणाऱ्याच्या दुकानातून उठून यावे.

त्या केंद्रातून निघताना आम्ही पोराला विचारले, याआधीचा लॅपटॉप कुठे आहे? दोन वर्षे तो वापरला होता, सगळी विम्याची कामे त्यावरच झाली होती. त्याने सहज सांगितले, कीबोर्ड गेला म्हणून बाजाराच्या दिवशी एका भंगारवाल्याला दिला, साडेआठशे रुपयांना. डिस्क काढून घेतली होती का? तो आमच्याकडे बघतच राहिला.